घरघर आणि हाक

'नॉइज कॅन्सलिंग' या शब्दजोडीला मराठी प्रतिशब्द शोधू लागले की पहिल्याच शब्दाशी अडायला होते. कॅन्सल म्हणजे रद्द, हे आपल्याला रेल्वेच्या आरक्षणाने फार पूर्वी शिकवले आहे. पण नॉइज म्हणजे काय? गोंगाट म्हणावे तर त्यात माणसे आली. गलका, कलकलाट, कोलाहल यांतही माणसेच आली, फार तर पाखरे. खडखड, धडधड, खणखण, कुजबुज, भणभण, घरघर अशी अनुकरणवाचक शब्दांची रांग लावावी, तर त्यातला प्रत्येक शब्द आपापल्या आवाजाला जाऊन चिकटतो आणि सर्वांना मिळून एक नाव द्यायला राजी होत नाही. 'आवाज' हा शब्द सर्वांना पोटात घेणारा खरा. पण 'आवाज बंद करणारे यंत्र' म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हेडफोनऐवजी एखादे सरकार उभे राहते.

ही चर्चा वरवर कोशकारांची वाटेल. आम्हाला मात्र ती थेट बाजारात उपयोगी पडली. आपल्या भाषेने आवाजाची जी बारीक वर्गवारी करून ठेवली आहे, तिच्याशी या यंत्राचे गुणदोष इतके नेमके जुळतात, की खरेदीला निघण्यापूर्वी आपल्याला छळणाऱ्या आवाजांची मराठी नावे कागदावर लिहून काढावीत, असे आम्ही आता कोणालाही सांगू. जाहिरातीतल्या आकड्यांपेक्षा त्या कागदाचा भरवसा अधिक.

आम्ही म्हणजे नवराबायको. दोघेही मराठीचे अध्यापक, दोघेही तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवून आधी होते आणि मानधनाचे बिल मागाहून, आपल्या सवडीने येते. आमच्यापैकी जी प्रवास करते ती आठवड्यातून दोनदा पुण्याहून मुंबईला जाते आणि त्याच दिवशी परतते. गाडीतले सातआठ तास हीच तिची अभ्यासिका. जो घरी बसतो तो जात्यावरच्या ओव्यांच्या जुन्या ध्वनिफिती ऐकून उतरवून काढतो आणि त्यावर प्रबंध लिहितो. घर दोन खोल्यांचे; आतल्या खोलीत आई. खर्चाची मर्यादा दहा हजार रुपये, आणि तीही एकदाच. थोडक्यात, डोकी दोन, हेडफोन एक.

आता यंत्राविषयी. त्याचे तत्त्व हौदाच्या काठी बसलेल्या पोरालाही समजेल. पाण्यावर एक लाट आली आणि तिच्या उंचवट्यावर नेमका दुसऱ्या लाटेचा खळगा येऊन पडला, तर पाणी सपाट राहते. हवेतल्या ध्वनीचेही तसेच. हेडफोनच्या वाटीतला छोटा मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो, आतली चकती त्या लहरीची बरोबर उलटी लहर निर्माण करते आणि दोघी कानाशी भेटून एकमेकींना मिटवतात. ही कल्पना पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाची. त्याला तिचे अमेरिकी पेटंट १९३६ साली मिळाले. पण लहर येऊन पोहोचण्याच्या आत तिची उलटी प्रत तयार करायची, तर तितके चपळ इलेक्ट्रॉनिक्स हवे. ते यायला काही दशके जावी लागली. १९७८ साली युरोपातून अमेरिकेला परतताना अमर बोस यांना विमानातल्या घरघरीपुढे हेडफोनमधले संगीत ऐकू येईना, आणि त्यांनी प्रवासातच गणित मांडायला घेतले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्यांचे वडील नोनी गोपाल बोस हे बंगालमधून अमेरिकेत आश्रयाला गेलेले स्वातंत्र्यचळवळीतले कार्यकर्ते. बोस यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये आला आणि सामान्य प्रवाशांसाठीचा २००० मध्ये.

या जन्मकथेतला महत्त्वाचा तपशील विमानाचा आहे. हे यंत्र ज्याच्याविरुद्ध घडवले गेले तो आवाज खालच्या पट्टीतला, सलग आणि तासन्तास न बदलणारा होता. त्याच आवाजाशी त्याची झुंज उत्तम जमते, आणि कारण शुद्ध भौतिक आहे. सेकंदाला शंभर कंपने असलेल्या ध्वनीच्या एका लहरीची हवेतली लांबी सुमारे साडेतीन मीटर भरते. तीन हजार कंपनांच्या ध्वनीची जेमतेम अकरा सेंटिमीटर. लांबलचक लाटेवर तिची उलटी प्रत बसवताना किंचित मागेपुढे झाले तरी चालते. इवल्याशा लाटेवर तेवढीच चूक झाली तर खळग्यावर खळगा येतो आणि आवाज मिटण्याऐवजी वाढूही शकतो. म्हणून साधारण हजार कंपनांच्या पलीकडे हे यंत्र फारसे काही करीत नाही; तिथून पुढचे काम कानावर टेकणाऱ्या गादीचे.

आमच्या कागदावरच्या भाषेत सांगायचे तर घरघर जाते, भणभण जाते, पंख्याचे आणि वातानुकूलनाचे 'घूं' जाते. खडखड कमी होते, पण जात नाही. किणकिण, कुजबुज, किंचाळी आणि टाळी हे आवाज यंत्राच्या हाती लागत नाहीत. गादीने जेवढे अडतील तेवढेच. ज्या शब्दांत एकच आवाज न थांबता लांबत जातो, ते यंत्राला वश होतात. ज्यांत तो तुटतो, आपटतो, अचानक उगवतो, ते निसटतात. माणसाचे बोलणे या दोहोंच्या मध्ये पडते. त्यातला घशाचा घोष खालच्या पट्टीत असतो, तो थोडा झडतो. 'स', 'श', 'च', 'ट' यांचे घर्षण आणि स्फोट फार वर असतात, त्यांना यंत्र शिवत नाही. परिणाम असा की शेजारच्या बाकावरचा गृहस्थ दुरून, पांघरुणाआडून बोलल्यासारखा वाटतो. पण त्याच्या मेहुण्याने कोणत्या बँकेचे कर्ज बुडवले ते आपल्याला समजत राहते.

पुणे-मुंबई गाडीत या साऱ्याची परीक्षा आपोआप होते. वातानुकूलित डब्यात छतातून येणारा सततचा झोत हीच मुख्य पीडा असते, आणि यंत्र चालू करताच ती खोलीतला दिवा मालवावा तशी नाहीशी होते. साध्या बैठकीच्या डब्यात उघड्या खिडकीतला वारा एकसारखा नसतो. तो मायक्रोफोनवरच आपटतो आणि कधी कधी आत नवीनच फडफड निर्माण करतो. रुळांचे तुकडे वितळवून सलग जोडले गेल्यापासून चाकांचा जुना ठेका विरळ झाला आहे. जिथे रूळ बदलतात तिथे मात्र खडखडाट अजून उमटतो आणि तो यंत्राला जुमानत नाही. परतीच्या वाटेवर कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने लागतात तेव्हाचा धक्का कळतो, आणि वडेवाल्याची आरोळी तर गाण्याच्या दोन ओळींमधून सरळ आत येते. प्रवास करणारीचे मत असे, की ही आरोळी आत येते म्हणून यंत्र स्वस्त ठरत असेल तर ते स्वस्तच बरे.

दुकानातली भाषा या अनुभवापासून बरीच दूर असते. आम्ही प्रथम तापकीर गल्लीत चौकशी केली, मग मोठ्या दालनांत. तिथे शिकलेल्या दोनचार गोष्टी इथे नोंदवतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांना शब्दार्थाचे प्रशिक्षण असतेच, ते अशा वेळी कामी यावे.

पहिली गोष्ट दोन लघुरूपांची. 'एएनसी' म्हणजे आपल्या कानासाठी उलटी लहर निर्माण करणारी योजना. 'ईएनसी' म्हणजे आपण फोनवर बोलताना पलीकडच्याला आपल्या भोवतीचा गोंगाट कमी ऐकू यावा यासाठीची मायक्रोफोनची योजना. पहिलीचा लाभ आपल्याला, दुसरीचा समोरच्याला. दीडदोन हजारांच्या वस्तूंच्या खोक्यावर पुष्कळदा दुसरीच मोठ्या अक्षरांत असते, आणि वाचणारा पहिली समजून घरी आणतो. एका अक्षराचा पाठभेद अर्थ किती फिरवतो, हे पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना निराळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट डेसिबेलची. 'पस्तीस डेसिबेलपर्यंत' या शब्दांत सारा भार 'पर्यंत'वर आहे. हा आकडा बहुधा कुठल्या तरी एका खालच्या पट्टीवर मिळालेला सर्वोत्तम असतो. सगळ्या पट्ट्यांवर तेवढी घट होत नाही. शिवाय डेसिबेलची मोजपट्टी सरळ नाही. दहाची घट म्हणजे ध्वनीची शक्ती एकदशांश, आणि कानाला ती साधारण निम्मी भासते. तेव्हा दोन वस्तूंमधला पाचसात डेसिबेलचा फरक कागदावर दिसतो तितका कानाला जाणवेलच असे नाही.

तिसरी गोष्ट चष्म्याची. सगळी करामत गादी कानाभोवती घट्ट टेकण्यावर अवलंबून असते. चष्म्याची काडी मध्ये आली की बारीक फट पडते, आणि त्या फटीतून पहिली आत शिरते ती खालच्या पट्टीची घरघर. आम्ही दोघेही चष्मेवाले. म्हणून गादी मऊ आणि जाड असणे, नुसती कानावर न बसता कानाभोवती बसणे, ही आमची पहिली अट झाली. कानाच्या आत बसणारी छोटी बोंडे चष्म्याला आड येत नाहीत, स्वस्तही पडतात, आणि एकट्या माणसाने ती अवश्य पाहावीत. पण दोघांनी वापरायच्या वस्तूला ती सोयीची नव्हेत.

चौथी गोष्ट आपल्या हवेची. या गाद्यांवर बहुधा कृत्रिम चामडे असते. मुंबईचा घाम आणि दमट हवा यांत ते दोनतीन वर्षांत पापुद्र्यासारखे सुटू लागते. गादी बदलता येते का आणि ती बाजारात मिळते का, हा प्रश्न विक्रेत्याला विचारला की त्याच्या चेहऱ्यावर प्रथमच कुतूहल दिसते.

परीक्षा कशी घ्यावी? गाणे लावून मुळीच घेऊ नये. गाणे सगळेच झाकते. दुकानातल्या वातानुकूलन यंत्राखाली उभे राहावे, चष्म्यासकट हेडफोन चढवावा आणि नुसते बटण चालू-बंद करून पाहावे. मग जबडा हलवून पाहावा, मान वळवून पाहावी. काहींना यंत्र चालू होताच कानात दडे बसल्यासारखे वाटते, जसे घाट चढताना बसतात. हवेचा दाब प्रत्यक्षात बदललेला नसतो, पण भास त्रास देऊ शकतो. तो ज्याला होतो त्याने हलक्या परिणामाचे यंत्र घ्यावे. शेवटी ते अर्धा तास डोक्यावर ठेवावे. वजन पहिल्या मिनिटाला कळत नाही.

एवढ्यावर आमचे घोडे न्हायला हरकत नव्हती. पण घरी बसणाऱ्याच्या कामाने प्रश्नाला एक निराळी बाजू दिली. त्याच्या ध्वनिफितींत बाईचा आवाज आहे, आणि त्याच्याखाली अखंड घरघर आहे: जात्याची. हेमा राइरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्या कामाची ओळख मराठीच्या अभ्यासकांना आहे. आमच्या घरच्या अभ्यासकाचा संग्रह त्यापुढे मूठभर. पण त्यातही हेच आढळते की ओवीचा श्वास दगडाच्या फेऱ्याशी बांधलेला असतो. दाणे घालायला हात थांबला की ओळ थांबते. ही घरघर काढून टाकली तर ओवीचे शब्द उरतील, ओवी उरणार नाही.

आणि ही घरघर, यंत्राच्या दृष्टीने पाहिले तर, खालच्या पट्टीतली आणि सलग आहे. म्हणजे ज्याला ते शत्रू समजते नेमकी तीच. ती पुसली जाईल की काय, अशी शंका कोणालाही येईल. तसे होत नाही. यंत्र बाहेरून येणाऱ्या ध्वनीचीच उलटी प्रत काढते. जो आपण ऐकायला निवडला त्याला ते हात लावत नाही. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या पाण्याच्या पंपाची घरघर मिटते आणि तिच्या जागी मुळशीकडच्या एका जात्याची घरघर स्पष्ट उभी राहते. ध्वनिफितीतली मूळची खरखरही तशीच राहते, कारण हेडफोन फीत स्वच्छ करीत नाही. पूर्वी पंपावर मात करण्यासाठी आवाज चढवावा लागे आणि खरखरही तितकीच चढे. आता हळू आवाजात एखादा शेवटचा अक्षरलोप ऐकू येतो, आणि 'गेली' की 'गेलं' हे ठरवता येते. प्रबंधाच्या दृष्टीने दहा हजारांतला मोठा वाटा इथेच वसूल झाला.

हळू आवाज हा कानाच्या प्रकृतीचाही प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबेलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित. ९० डेसिबेलचा फक्त ४ तास. भोवती गाडी गरजत असताना साध्या हेडफोनवर व्याख्यान ऐकायचे तर आपण नकळत नव्वदीकडे सरकतो. घरघर खाली आणली की व्याख्यानही खाली आणता येते.

उरली आई. तिचे वय ८१. दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणानंतर तिचा आवाज खाली गेला. पूर्वी खणखणीत होता, आता घोगरा आणि अपुरा आहे. आतल्या खोलीतून ती 'अरे' म्हणते तेव्हा तो उच्चार दारापर्यंत येता येताच विरतो. खरेदीपूर्वी एका स्नेह्याकडून आम्ही तीस हजारांच्या घरातला हेडफोन दोन दिवसांसाठी मागून आणला होता. तो चढवून ओव्या लावल्या, आणि आईला मुद्दाम हाका मारायला सांगितले. तिने तीन मारल्या. प्रवास करणारी दारात उभी राहून बोटांनी मोजत होती; घरी बसणाऱ्याला एकही कळली नाही. यंत्राच्या गुणवत्तेचा याहून चांगला दाखला मिळाला नसता, आणि आम्हाला काय नको आहे याचाही.

महाग वस्तूत बाहेरचे ऐकू देण्याची सोय नसते असे नाही. उलट ती तिथे अधिक सुबक असते. पण त्या प्रयोगाने आमच्या अटींचा क्रम बदलला. किती बंद होते, हा प्रश्न मागे पडला. किती चटकन उघडते, हा पुढे आला. फोन हातात घेऊन, त्यातली खिडकी शोधून, तिच्यातली पट्टी सरकवून ऐकू येणार असेल तर तोवर हाक थकलेली असते. वाटीवरच बोटाला सापडणारे खरेखुरे बटण हवे. ते असलेला, २०२३ साली आलेला सोनीचा डब्ल्यूएच-सीएच ७२० एन आम्ही घेतला. वजन १९२ ग्रॅम. यंत्र चालू ठेवून ३५ तासांपर्यंत चालतो असे कंपनी म्हणते. तार जोडूनही वापरता येतो. किंमत सवलतीत दहा हजारांच्या थोडी आत बसली. त्याची घडी होत नाही, म्हणून जुन्या नऊवारीच्या काठापदराची पिशवी शिवली. याच किमतीच्या आसपास इतर कंपन्यांच्याही चांगल्या वस्तू आहेत, आणि ज्याच्या घरात हाक निराळी आहे त्याची निवड निराळी व्हावी.

घरचा नियम असा ठरला: दोघे घरी असू तेव्हा एकाने बंद करावे, एकटाच असेल त्याने बाहेरचे उघडे ठेवावे आणि खुर्ची आतल्या दाराकडे तोंड करून मांडावी. आईच्या उशाशी पितळी पेला आणि चमचा ठेवला आहे. तो किणकिणला की यंत्राला फसवून आवाज येतो. वर मांडलेल्या वर्गवारीचा हा सर्वांत सोपा उपयोग.

एक आवाज आमच्या कागदावर होता आणि त्यावर शेवटपर्यंत उपाय सापडला नाही: मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या कर्ण्यांचा दणदणाट. तो खालच्या पट्टीतला असला तरी सलग नसतो, आणि इतका प्रचंड असतो की कान झाकले तरी छातीतून आत येतो. यंत्राने इथे हात टेकावेत यात आम्हाला एक प्रकारे समाधानच आहे. देशात २००० सालापासून ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा त्यांनीच घातली. शांतता ही तिथे सर्वांच्या वाट्याची म्हणून लिहिली आहे. ती प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे विकत घेऊन कानांवर चढवायची वस्तू झाली, तर नियमाची आठवण करून देणारे कोणी उरणार नाही. एसटीचा चालक दिवसभर इंजिनाशेजारी बसतो आणि त्याला कान झाकून चालत नाही; पदपथावरच्या फूलवाल्या बाईला दहा हजार परवडत नाहीत. त्यांच्या कानांचे रक्षण कुठल्याच दुकानात मिळत नाही; त्यासाठी तक्रारीचा अर्ज लिहावा लागतो, आणि हेडफोन असलेल्यांनी तर तो आधी लिहावा.

असो. प्रतिशब्द शेवटी मिळाला नाही, आणि तो मिळू नये असेच आता वाटते. 'नॉइज' या एका शब्दात बसवलेल्या आवाजांतले काही आपल्याला नको असतात, काही हवे असतात, आणि काहींना उत्तर द्यायचे असते. यंत्र त्यांतली घरघर तेवढी ओळखते. बाकीची निवड ज्याची त्याने करायची. आणि ती करून झाली की किती रुपयांचे यंत्र पुरेल, हे बहुधा आपोआप ठरते.